थंडीच्या दुपारी सोलर इन्व्हर्टर वारंवार बंद पडतो तेव्हा: कारण कसे शोधावे आणि इन्व्हर्टर निवडताना काय पाहावे

उन्हाळ्यात बसवलेली छतावरची सोलर यंत्रणा पावसाळाभर नीट चालते, आणि दिवाळी होऊन थंडी पडू लागली की ऐन स्वच्छ उन्हात, साडेअकरा ते अडीचच्या दरम्यान, इन्व्हर्टर बंद पडू लागतो. काही मिनिटांनी तो आपोआप सुरू होतो, थोडा वेळ चालतो, पुन्हा बंद पडतो. पडद्यावर ग्रिड ओव्हर व्होल्टेज, म्हणजे लाइनचे व्होल्टेज मर्यादेबाहेर चढले आहे, अशा अर्थाचा संदेश किंवा नुसता एखादा कोड दिसतो. परभणी, हिंगोली आणि बीड या जिल्ह्यांतील नातेवाइकांकडून व ओळखीच्या घरांतून मी ही तक्रार अनेकदा ऐकली आहे, आणि बहुतेक ठिकाणी तिच्यावर एकच उपाय सुचवला जातो, तो म्हणजे इन्व्हर्टर बदलणे. मी स्वतः तो बदलून घेतला होता. दुसरा इन्व्हर्टरही त्याच वेळी, त्याच कारणाने बंद पडू लागला, तेव्हा दोष यंत्रात नसून यंत्र ज्या वायरीला जोडले आहे तिच्यात असावा, अशी शंका मला पहिल्यांदा आली. त्या शंकेचा पाठपुरावा करताना जे मोजले आणि जे समजले, ते येथे क्रमाने लिहितो.

आमचे घर परभणी जिल्ह्यातील एका गावाच्या कडेला आहे. प्रधानमंत्री सूर्यघर मुफ्त बिजली योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाल्यानंतर आम्ही त्याच वर्षीच्या मे महिन्यात ५४० वॅटचे सहा पॅनेल आणि ३ किलोवॅटचा सिंगल फेज इन्व्हर्टर बसवला. ३ किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या घरगुती यंत्रणेला या योजनेत जास्तीत जास्त ७८,००० रुपये अनुदान मिळते, त्यामुळे आमच्या भागात बहुतेक घरांवर याच आकाराची यंत्रणा दिसते, आणि माझे आकडे पुष्कळ वाचकांना जवळजवळ जसेच्या तसे लागू पडतील.

हा त्रास उन्हाळ्यात का होत नाही

पहिला प्रश्न हाच विचारायला हवा, कारण त्याच्या उत्तरातच निम्मे निदान आहे. मे महिन्यात ऊन कडक असते, तरी पॅनेल तापल्यामुळे त्यांची वीज घटते. पॅनेलची नोंदवलेली क्षमता २५ अंश सेल्सिअस तापमानाला धरलेली असते आणि त्यापुढे दर अंशाला साधारण ०.३५ टक्के क्षमता कमी होते. उन्हाळ्यात पॅनेल ७० अंशांपर्यंत तापला, तर आमचे ३.२४ किलोवॅटचे पॅनेल प्रत्यक्षात सुमारे २.७ किलोवॅटच देतात. त्याच वेळी घरोघरी कूलर, पंखे आणि फ्रीज चालू असतात, त्यामुळे गावातली वीज गावातच खपते आणि लाइनचे व्होल्टेज खाली राहते. डिसेंबरात नेमके उलटे घडते. ऊन स्वच्छ असते, हवा थंड असल्यामुळे पॅनेल तुलनेने गार राहतात, आणि दुपारी कूलर नाही, पंखा नाही, माणसे तुरीच्या किंवा हरभऱ्याच्या शेतात, अशा वेळी गावठाण फीडरवर, म्हणजे गावातल्या घरांना वीज देणाऱ्या लाइनवर, भारच उरत नाही. शेतीचा फीडर वेगळा असला तरी दोन्ही एकाच ३३/११ केव्ही उपकेंद्रातून निघतात, म्हणून शेतीपंपांची दिवसाची पाळी संपली किंवा रात्रीची लागली, की त्याचा परिणाम गावठाणाच्या व्होल्टेजवरही जाणवतो.

आता दुसरी बाजू. ज्या डीपीवरून आपल्याला वीज मिळते त्या रोहित्राचे भार नसतानाचे व्होल्टेज दोन फेजमध्ये ४३३ व्होल्ट असे ठरवलेले असते. हा आकडा डीपीच्या नावपट्टीवर वाचायला मिळतो. त्याला ३ च्या वर्गमुळाने भागले, म्हणजे फेज आणि न्यूट्रल यांच्यामध्ये २५० व्होल्ट होतात. भार वाढेल तसे वायरीत व्होल्टेज घटणार आणि शेवटच्या घराला २३० च्या आसपास मिळणार, असा त्यामागचा हिशेब आहे. वीज डीपीकडून घराकडेच जात होती तोपर्यंत तो हिशेब बरोबर होता. आता दुपारी वीज घराकडून डीपीकडे जाते, आणि ती ढकलण्यासाठी इन्व्हर्टरला आपले व्होल्टेज लाइनपेक्षा थोडे वर न्यावेच लागते.

ते किती वर न्यावे याला मर्यादा आहे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१३ च्या तांत्रिक मानकांनुसार व्होल्टेज नाममात्र मूल्याच्या ११० टक्क्यांवर किंवा ८० टक्क्यांखाली गेले, तर अशा यंत्रणेने दोन सेकंदांच्या आत स्वतःला लाइनपासून तोडून घ्यायचे असते. नाममात्र मूल्य २३० धरले तर वरची मर्यादा २५३ आणि खालची १८४ होते. तोडल्यानंतर लाइन किमान ६० सेकंद स्थिर राहिली तरच पुन्हा जोडणी करायची असते. काही मिनिटांची ती विश्रांती याच नियमामुळे दिसते. म्हणजे २५३ व्होल्टला बंद पडणारा इन्व्हर्टर बिघडलेला नसून, त्याला जे करायला सांगितले आहे तेच तो प्रामाणिकपणे करत असतो.

आधी आलेख पाहावा

इन्व्हर्टरच्या मोबाइल ॲपमध्ये दिवसभराच्या विजेचा आलेख मिळतो. वायरमनला बोलावण्यापूर्वी आठवडाभराचे आलेख शांतपणे पाहावेत, कारण दोषाचा प्रकार बहुधा त्या आकारातच दिसतो. दुपारी आलेख करवतीच्या दातांसारखा वर जाऊन एकदम शून्यावर येत असेल, पुन्हा चढत असेल आणि पुन्हा पडत असेल, तर तो वाढीव व्होल्टेजचा त्रास आहे. आलेख शून्यावर न येता त्याचा माथा सुरीने कापल्यासारखा सपाट असेल, तर इन्व्हर्टर आपल्या क्षमतेच्या किंवा आपल्या इनपुट प्रवाहाच्या मर्यादेला टेकला आहे. मे महिन्यात दुपारी एकनंतर आलेख हळूहळू खचत असेल आणि इन्व्हर्टरची बॉडी तापलेली असेल, तर तो उष्णतेमुळे स्वतःहून वीज कमी करत आहे. रोज ठरावीक वेळी आलेखाची एक बाजू खाल्लेली दिसत असेल, तर लिंबाच्या झाडाची किंवा पाण्याच्या टाकीची सावली शोधावी. पावसाळ्यात सकाळी इन्व्हर्टर उशिरा सुरू होत असेल आणि ऊन पडून छत वाळल्यावर आपोआप चालू लागत असेल, तर पॅनेलकडून इन्व्हर्टरकडे येणाऱ्या डीसी वायरीचे किंवा कनेक्टरचे इन्सुलेशन ओलाव्याने कमी पडते आहे. उंदरांनी कुरतडलेली वायर किंवा पत्र्याच्या कडेवर घासलेली वायर हे त्याचे नेहमीचे कारण असते.

यापुढचे लेखन पहिल्या प्रकाराविषयी, म्हणजे करवतीच्या दातांविषयी आहे.

तीन मोजमापे

स्वच्छ उन्हाच्या दिवशी, साधारण साडेबाराला, दोन माणसांनी मिळून ही मोजमापे करावीत. एकाने इन्व्हर्टरच्या पडद्यावरचे एसी व्होल्टेज आणि प्रवाह वाचावा, आणि दुसऱ्याने, म्हणजे वायरमनने, त्याच क्षणी मीटरनंतरच्या मेन स्विचवर मल्टिमीटरने व्होल्टेज मोजावे. मीटरचे सील कोणत्याही कारणाने उघडू नये. त्यानंतर इन्व्हर्टरची एसी बाजू बंद करावी, दोन मिनिटे थांबावे आणि मेन स्विचवरचे व्होल्टेज पुन्हा मोजावे. पडद्यावरचा आकडा दोन-तीन व्होल्टने इकडेतिकडे असू शकतो, म्हणून शक्य असेल तर इन्व्हर्टरच्या एसी स्विचवरही त्याच मल्टिमीटरने एक आकडा घ्यावा.

आमच्याकडे ११ अँपिअर प्रवाह चालू असताना इन्व्हर्टरपाशी २५४, मेन स्विचपाशी २४९ ते २५०, आणि इन्व्हर्टर बंद केल्यावर मेन स्विचपाशी २४४ व्होल्ट आले. हे तीन आकडे हाती येताच सगळा उलगडा झाला. डीपीकडून येणारे व्होल्टेज २४४ होते, म्हणजे थोडे चढे पण मर्यादेच्या आत. त्यावरचे दहा व्होल्ट आमच्या स्वतःच्या वायरींनी चढवले होते. त्यांपैकी पाचेक व्होल्ट छतापासून मीटरपर्यंतच्या वायरीत आणि पाचेक व्होल्ट मीटरपासून खांबापर्यंतच्या सर्व्हिस वायरीत.

याचा हिशेब कोणालाही करता येतो. वायरीची एकेरी लांबी दुप्पट करावी, कारण प्रवाह फेजमधून जाऊन न्यूट्रलमधून परत येतो. २.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीला दर किलोमीटरला साधारण ७.४ ओहम रोध असतो, तर ६ चौरस मिलिमीटरच्या वायरीला साधारण ३.१ ओहम. आमची वायर छतापासून मीटरपर्यंत २८ मीटर आणि २.५ चौरस मिलिमीटरची होती. ५६ मीटरचा रोध ०.४१ ओहम, त्याला ११ अँपिअरने गुणले की साडेचार व्होल्ट. खांबापर्यंतची सर्व्हिस वायर ३५ मीटर लांब, ४ चौरस मिलिमीटर ॲल्युमिनियमची आणि बरीच जुनी होती. तिचा रोधही दर किलोमीटरला ७.४ ओहमच्या घरातला, म्हणजे ७० मीटरला सुमारे ०.५२ ओहम आणि पावणेसहा व्होल्ट. मोजलेले आणि काढलेले आकडे इतके जवळ आले, की इन्व्हर्टर बदलण्यात घालवलेल्या दोन महिन्यांचे मला मनापासून वाईट वाटले.

या तीन आकड्यांवरून पुढचा मार्ग ठरतो. इन्व्हर्टर आणि मेन स्विच यांच्यातला फरक तीन व्होल्टपेक्षा जास्त असेल, तर घरातली वायर जाड करावी. इन्व्हर्टर चालू आणि बंद असतानाच्या मेन स्विचवरच्या आकड्यांत मोठा फरक असेल, तर सर्व्हिस वायर बारीक आहे किंवा खांबावरचा जोड सैल आहे. आणि इन्व्हर्टर बंद असतानाच व्होल्टेज २५० च्या वर असेल, तर घरात कितीही खर्च केला तरी उपयोग नाही. तो प्रश्न डीपीचा आहे.

आम्ही काय केले

छतापासून मीटरपर्यंत ६ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर टाकली. महावितरणच्या स्थानिक कार्यालयात लेखी अर्ज देऊन जुनी सर्व्हिस वायर बदलून १० चौरस मिलिमीटरची टाकून घेतली. ती वायर आपणहून खांबावर चढून बदलण्याची गोष्ट नाही, आणि गावातला कोणी तयार झाला तरी त्याला ते करू देऊ नये. त्यानंतर त्याच प्रवाहाला छतावरच्या वायरीत दोन व्होल्टही चढेनात आणि सर्व्हिस वायरीत अडीचच्या आत, म्हणजे इन्व्हर्टरपाशी २४८ च्या आसपास. तेव्हापासून दोन हिवाळे गेले आणि आलेखाला दात पडलेले नाहीत.

नवी यंत्रणा बसवणाऱ्यांना मात्र याहून सोपा उपाय आहे, आणि तो सुचवला जात नाही याचे मला आश्चर्य वाटते. इन्व्हर्टर पॅनेलजवळ छतावर न बसवता मीटरजवळ खाली बसवावा आणि लांब अंतर डीसी वायरीने कापावे. डीसी वायरीतही तेवढेच व्होल्ट घटतात, पण ते पॅनेलच्या बाजूने घटतात. लाइनच्या व्होल्टेजवर त्यांचा काही भार पडत नाही. मात्र ती वायर सोलरसाठीचीच असावी, पाइपातून न्यावी, आणि ऊन असताना तिचे कनेक्टर कधीही ओढून काढू नयेत, कारण एसी बंद केली तरी डीसी बाजू उन्हात जिवंत असते आणि तुटताना मोठी ठिणगी पडते.

वायरीइतकेच लक्ष जोडांकडे द्यावे. ॲल्युमिनियम आणि तांबे यांचा नुसता पीळ मारलेला जोड, एमसीबीखाली नीट न आवळलेली वायर, काळपटलेले टोक, हे सगळे रोध वाढवतात. आणि घरातले दिवे कधी एकदम प्रखर तर कधी मंद होत असतील, एका खोलीत उजेड वाढताना दुसरीकडे कमी होत असेल, तर न्यूट्रल सैल असण्याची दाट शक्यता आहे. हे लक्षण दिसल्यास सोलरचा विचार बाजूला ठेवून प्रथम १९१२ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी, कारण तुटक्या न्यूट्रलने घरातली उपकरणे जळतात आणि माणसालाही धोका होतो.

डीपीचेच व्होल्टेज चढे असेल, तर अर्जात तारीख, वेळ आणि इन्व्हर्टर बंद असतानाचे आकडे लिहून द्यावेत. मोठ्या रोहित्रांना टॅपिंगची सोय असते आणि त्यावरून व्होल्टेज थोडे उतरवता येते. गावातल्या लहान डीपींना ती बहुधा नसते. अशा ठिकाणी दोन गोष्टी उरतात. एक, डीपीवरची बरीच सोलर घरे एकाच फेजवर असतील, तर लाइनमनकडून काही घरांचा फेज बदलून घेणे. दुसरी, आपला जास्तीत जास्त भार दुपारी आणणे. बोअरचा पंप, घरगुती पिठाची चक्की, कपड्यांचे यंत्र आणि गीझर दुपारी बारा ते दोनमध्ये चालवले, तर दर किलोवॅटमागे सव्वाचार अँपिअर प्रवाह बाहेर न जाता घरातच खपतो. आमच्या जुन्या सर्व्हिस वायरीवर एवढ्यानेच दोन व्होल्टहून अधिक फरक पडत होता. पहाटे पाणी गरम करण्याची सवय मोडणे वडीलधाऱ्यांना जड जाते हे खरे, पण आमच्या आईने टाकी दुपारी भरण्याचे काम आनंदाने अंगावर घेतले.

मर्यादा वाढवून देतो असे कोणी म्हणाले तर

या त्रासावर काही तंत्रज्ञ पासवर्ड टाकून इन्व्हर्टरची २५३ ची मर्यादा २६५ किंवा २७० करून देतात. इन्व्हर्टर बंद पडणे थांबते, म्हणून मालक समाधानी होतो. माझे मत या बाबतीत स्पष्ट आहे की महावितरणच्या संमतीवाचून हे करू नये. ते वाढलेले व्होल्टेज फक्त इन्व्हर्टरला मिळत नाही. आपल्या फ्रीजला, दिव्यांना, पंख्यांना आणि त्याच खांबावरच्या शेजाऱ्याच्या घरालाही मिळते. शेजाऱ्याकडे सोलर नसते, आणि त्याचे दिवे महिन्या-दोन महिन्यांनी का जातात हे त्याला कधी कळत नाही. मर्यादा वाढवण्याने दोष दुरुस्त होत नाही, तो फक्त दिसेनासा होतो.

काही जण मेन लाइनवर स्टॅबिलायझर बसवण्याचा सल्ला देतात. तो घरातल्या उपकरणांचे रक्षण करील, पण वीज उलट दिशेने जाण्यासाठी तो बनवलेला नसतो, म्हणून सोलर इन्व्हर्टर आणि मीटर यांच्यामध्ये तो कधीही येऊ देऊ नये.

इन्व्हर्टर निवडताना

आता खरेदीकडे. दुकानात किंवा एजन्सीकडे गेल्यावर चर्चा किलोवॅट, किंमत आणि वॉरंटीची वर्षे या तीन गोष्टींवरच फिरते. किलोवॅटचा प्रश्न खरे तर सर्वांत सोपा आहे. पॅनेल इन्व्हर्टरपेक्षा दहा-वीस टक्के जास्त असले तरी चालते, आणि आमच्या हवेत ते तसे असणेच योग्य, कारण पॅनेल आपली पूर्ण क्षमता वर्षातून मोजकेच दिवस देतात. ३ किलोवॅटच्या पॅनेलला ५ किलोवॅटचा इन्व्हर्टर घेतल्याने वीज वाढत नाही, आणि व्होल्टेजचा त्रासही कमी होत नाही, कारण प्रवाह पॅनेल ठरवतात.

मराठवाड्यातल्या गावांसाठी मी सर्वांत आधी विचारीन तो प्रश्न सिंगल फेज की थ्री फेज हा. ज्यांच्याकडे थ्री फेज मीटर आहे त्यांनी हा निर्णय घाईने घेऊ नये, कारण दोन्ही बाजूंनी सबळ कारणे आहेत. ५ किलोवॅट एकाच फेजवर ढकलले तर जवळजवळ २२ अँपिअर प्रवाह जातो. तेच तीन फेजमध्ये विभागले तर प्रत्येकी सुमारे सव्वासात अँपिअर, आणि तिन्ही फेज समतोल असल्यामुळे न्यूट्रलमधून परतीचा प्रवाह जवळपास शून्य. म्हणून त्याच वायरीवर व्होल्टेज चढण्याचे प्रमाण सुमारे एकषष्ठांश होते. वाढीव व्होल्टेजवर याहून परिणामकारक औषध नाही. परंतु थ्री फेज इन्व्हर्टरला तिन्ही फेज हवेत. डीपीवर एका फेजचा फ्यूज उडाला, की तो सगळाच बंद पडतो, आणि आपल्याकडे पावसाळ्यात एक फेज दोन-दोन दिवस नसणे ही नवलाची गोष्ट नाही. त्यामुळे मी असे सुचवीन, की वर्षभरात आपल्या खांबावर फेज किती वेळा जातो याची नोंद शेजाऱ्यांना विचारून घ्यावी. तालुक्याच्या गावात, चांगल्या लाइनवर, ५ किलोवॅट किंवा अधिक असेल तर थ्री फेज घ्यावा. वस्तीवर किंवा शेतातल्या घरी, फेज सतत जात असेल, तर सिंगल फेजच घ्यावा आणि वायर जाड टाकावी.

दुसरी बाब म्हणजे व्होल्टेज वाढू लागले की एकदम बंद न पडता वीज हळूहळू कमी करण्याची सोय. माहितीपत्रकात ती व्होल्ट-वॉट या नावाने लिहिलेली असते. २५३ ला शून्य होण्याऐवजी २४८ पासून थोडी थोडी माघार घेणारा इन्व्हर्टर दिवसाअखेर निश्चितच जास्त युनिट देतो. ती सोय असून सुरू केलेली नसते असेही आढळते, म्हणून बसवणाऱ्याकडून ती चालू करून घ्यावी.

तिसरी बाब पॅनेल आणि इन्व्हर्टर यांच्या जुळणीची. ५४० वॅटच्या पॅनेलचे भार नसतानाचे व्होल्टेज साधारण ४९.५ आणि चालू असतानाचे ४१.५ च्या आसपास असते. सहा पॅनेल एका मालिकेत घेतले तर भार नसताना २९७ व्होल्ट होतात. परभणीच्या थंडीत, पहाटे ८ अंशांना, ते सुमारे ३११ पर्यंत चढतात. हा आकडा इन्व्हर्टरच्या कमाल डीसी मर्यादेच्या बऱ्याच खाली असला पाहिजे. उलट मे महिन्यात पॅनेल ७० अंशांवर गेले की चालू व्होल्टेज २४९ वरून २१० पर्यंत उतरते. इन्व्हर्टरची पूर्ण क्षमतेची कार्यकक्षा २५० व्होल्टपासून सुरू होत असेल, तर तो उन्हाळाभर अर्धपोटी चालेल. चार पॅनेलच्या छोट्या यंत्रणेत ही चूक विशेष होते. प्रवाहही पाहावा. या पॅनेलचा चालू प्रवाह १३ अँपिअरच्या घरात असतो, तर मोठ्या सेलच्या नव्या पॅनेलचा १७ च्या आसपास. स्वस्तात मिळणाऱ्या जुन्या साठ्यातल्या इन्व्हर्टरची इनपुट मर्यादा १२.५ अँपिअर असू शकते, आणि मग आलेखाचा माथा कायमचा सपाट राहतो.

उष्णतेविषयी थोडक्यात सांगतो. बहुतेक इन्व्हर्टर भोवतालचे तापमान ४५ अंशांच्या पुढे गेले की वीज कमी करतात. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतच ४२-४३ अंश असतात, म्हणून पत्र्याच्या खोलीत, माळ्यावर किंवा पश्चिमेच्या भिंतीवर उन्हात बसवलेला इन्व्हर्टर पंचेचाळीस सहज ओलांडतो. उत्तरेची किंवा पूर्वेची, छज्जाखालची भिंत निवडावी आणि चारही बाजूंनी हवा खेळू द्यावी.

वीज गेल्यावर काय, हा प्रश्न

साधा ऑन-ग्रिड इन्व्हर्टर, म्हणजे बॅटरी नसलेला आणि थेट लाइनला जोडलेला, वीज गेली की भर उन्हातही बंद होतो. खांबावर काम करणाऱ्या लाइनमनला आपल्या छतावरून झटका बसू नये म्हणून तसे केलेले असते, आणि ते योग्यच आहे. पण ही गोष्ट विकताना सांगितली जात नाही, आणि लोडशेडिंगच्या पहिल्याच दुपारी घरात वाद होतात. ज्यांच्याकडे दिवसातून चार-पाच तास वीज जाते त्यांनी हायब्रीड, म्हणजे लाइनबरोबर बॅटरीही जोडता येणाऱ्या, इन्व्हर्टरचा विचार करावा. माझे मेहुणे अंबाजोगाईला राहतात. त्यांच्याकडे ५१.२ व्होल्ट, १०० अँपिअर-अवर क्षमतेची लिथियम बॅटरी आहे, म्हणजे सुमारे ५ युनिट साठा. हायब्रीड निवडताना बॅकअपची नुसती वॅट क्षमता न पाहता क्षणिक झटक्याची क्षमता पाहावी, कारण एक अश्वशक्तीचा पंप सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह खेचतो. शक्यतो पंप बॅकअपवर घेऊच नये.

हायब्रीडने वाढीव व्होल्टेजचा त्रासही कमी होतो असे सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. मेहुण्यांची बॅटरी सकाळी सूर्य वर येताच भरू लागायची, अकराला पूर्ण भरायची, आणि ऐन दुपारी सगळी वीज पुन्हा लाइनकडेच जायची. सेटिंगमध्ये चार्जिंगची वेळ साडेदहानंतर सुरू होईल अशी केली, तेव्हा कुठे दुपारचे दात गेले.

ज्यांच्या घरी आधीपासून बॅटरीचा साधा इन्व्हर्टर आहे, त्यांना एक कळकळीची विनंती. त्या इन्व्हर्टरच्या आउटपुटवर ऑन-ग्रिड सोलर इन्व्हर्टर कधीही जोडू नये. वीज गेली की सोलर इन्व्हर्टर त्या आउटपुटलाच लाइन समजतो आणि त्यात वीज ढकलू लागतो. साधा इन्व्हर्टर ती परतीची वीज घेण्यासाठी बनवलेला नसतो, आणि तो जळतो, कधी बॅटरीसह. सोलरची वायर थेट मेन स्विचकडे आणि बॅटरीच्या इन्व्हर्टरचे सर्किट त्यापुढे वेगळे, अशीच रचना असावी.

कोटेशन घेताना मी आता पुढील गोष्टी लेखी मागतो, आणि इतरांनाही मागायला सांगतो: छतापासून मीटरपर्यंतच्या वायरीची लांबी व जाडी, पूर्ण प्रवाहाला त्या वायरीत किती व्होल्ट चढतील तो आकडा, मालिकेतले पॅनेल व त्यांचे थंडीतले आणि उन्हाळ्यातले व्होल्टेज, एसी आणि डीसी अशा दोन्ही बाजूंच्या सर्ज संरक्षणाची, म्हणजे व्होल्टेजच्या अचानक झटक्यापासूनच्या संरक्षणाची, नोंद, आणि अर्थिंगचा मोजलेला रोध. अर्थिंग उन्हाळ्यात मोजून घ्यावे. पावसाळ्यात ओल्या काळ्या मातीत ते उत्तम दिसते, आणि एप्रिलमध्ये तीच जमीन भेगाळली किंवा खाली कोरडा मुरूम असला, की आकडा कितीतरी पटीने वाढतो. वळवाच्या विजा तेव्हाच पडतात.